डिझेलच्या धुरातील नायट्रो-संयुगे

बीरगांवचा रस्ता

रायपूर शहरातून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे बीरगांव लागते. एके काळचे हे खेडे आज रायपूरला चिकटलेले औद्योगिक नगर झाले आहे. त्याच्या लगत उरला आणि थोडे पुढे सिलतरा ह्या औद्योगिक वसाहती आहेत. तेथे स्पंज आयर्न तयार होते आणि पोलादाचे गज लाटले जातात. रावांभाठा येथे मालमोटारींचा मोठा तळ आहे. कोळसा व खनिज घेऊन येणाऱ्या आणि पोलाद घेऊन जाणाऱ्या मालमोटारींची ह्या भागात अहोरात्र ये-जा चालू असते. त्यांपैकी कित्येक भंडारा, देवरी, राजनांदगाव व दुर्ग ह्या मार्गाने नागपूरकडून आलेल्या असतात. १९५६ सालापर्यंत नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती. पुढे राज्ये निराळी झाली. परंतु दोहोंना जोडणारा रस्ता आणि त्या रस्त्यावरचा धूर मात्र सामाईकच राहिला आहे.

अशा रस्त्याच्या कडेला पंक्चर काढणारा कारागीर सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेला असतो. शेजारी चहाची टपरी असते आणि समोरून शाळेची मुले जात असतात. भरलेली मालमोटार थांबून पुन्हा निघाली, म्हणजे तिच्या मागून काळ्या धुराचा एक लोट बाहेर पडतो. क्षणभर तो डोळ्यांत जातो, घशाला झोंबतो आणि मग विरून जातो. धूर दिसेनासा झाला म्हणजे आपण तो संपला असे समजतो. वास्तविक त्यातील काजळीचे कण अजून हवेतच असतात, आणि त्या कणांच्या अंगावर चिकटून आलेली काही संयुगे अशी आहेत की त्यांचे प्रमाण अत्यंत अल्प असूनही जगातील रसायनशास्त्रज्ञ व वैद्यकशास्त्रज्ञ गेली चार दशके त्यांच्या मागावर आहेत. नायट्रो-संयुगे ह्या नावाने ती ओळखली जातात. ती कशी उत्पन्न होतात, शरीरात काय करतात आणि त्यांच्याविषयी निश्चितपणे काय सांगता येते, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

काजळी आणि तिच्यावरील लेप

तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून काजळ धरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही, म्हणजे तेलातील कार्बन पूर्ण जळत नाही आणि काळ्या भुकटीच्या रूपाने ताटलीवर बसतो. डिझेल एंजिनात घडते ते तत्त्वतः हेच होय.

रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आऊग्सबुर्ख येथे आपले एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात ठिणगीची योजना नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती दाबानेच अतिशय तापते आणि तीत तेलाचा फवारा सोडताच तो पेट घेतो. फवाऱ्याच्या गाभ्यात तेल जास्त आणि हवा कमी असते. तेथे काजळी बनते. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर आणि उष्णता प्रचंड असते. तेथे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन एकमेकांशी संयोग पावून नायट्रोजनाची ऑक्साइडे तयार होतात. अशा रीतीने एकाच सिलिंडरात, एकाच क्षणी, काजळी आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे शेजारी शेजारी जन्माला येतात. पुढची सारी हकीकत ह्या शेजारातून निघते.

काजळीचा कण म्हणजे शुद्ध कार्बन नव्हे. अर्धवट जळलेल्या तेलातून कार्बनच्या षट्कोनी वलयांची संयुगे निर्माण होतात. मधमाशीच्या पोळ्यातील घरे जशी एकमेकांना लागून असतात, तशी ही वलये एकमेकांस जोडलेली असतात. ह्यांस बहुवलयी अॅरोमॅटिक हायड्रोकार्बने म्हणतात. पायरीन हे त्यांपैकीच एक. त्यात चार वलये, सोळा कार्बन अणू आणि दहा हायड्रोजन अणू असतात. धूर निवू लागला म्हणजे ही संयुगे काजळीच्या कणांवर लेपासारखी बसतात. हे कण इतके बारीक असतात की त्यांचे पुंजकेसुद्धा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे भरतात. नाकातील केस व श्लेष्मा मोठी धूळ अडवू शकतात; ह्या कणांपैकी बरेचसे त्यांना चुकवून थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

दोन जुन्या हकीकती

नायट्रो-संयुगांचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी वैद्यकाच्या इतिहासातील दोन हकीकती प्रथम माहीत असावयास हव्यात.

पहिली काजळीची. लंडनमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांनी १७७५ साली असे दाखवून दिले की, लहानपणी धुराडी साफ करण्याचे काम केलेल्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण अंगावर साठलेली काजळी हे असावे. जवळजवळ दीड शतकानंतर, १९१५ साली, यामागिवा व इचिकावा ह्या जपानी शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर चोळून तेथे कर्करोग उत्पन्न करून दाखविला. पुढे लंडनमध्ये केनवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबर गाळून, शुद्ध करून त्यातून केवळ काही ग्रॅम पिवळसर स्फटिक मिळविले आणि १९३३ साली ते जगापुढे मांडले. हेच बेंझोपायरीन. काजळीतील दोषी पदार्थ बहुवलयी हायड्रोकार्बनांत शोधावा लागेल, हे त्यावरून निश्चित झाले.

दुसरी हकीकत रंगांच्या कारखान्यांची. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे लुडविग रेन ह्या शस्त्रवैद्यास १८९५ साली असे आढळले की, फुक्सिन नावाचा रंग तयार करणाऱ्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग होत आहे. पुढील संशोधनाने ह्याचा दोष अॅरोमॅटिक अमाइनांकडे जातो असे ठरले. कार्बनच्या वलयास नायट्रोजनाचा अणू जोडलेली ही संयुगे होत.

एका हकीकतीत बहुवलयी सांगाडा आहे. दुसरीत वलयास जोडलेला नायट्रोजन आहे. डिझेलच्या धुरात ह्या दोन्ही गोष्टी एकाच रेणूत एकत्र येतात.

नायट्रो गटाची करामत

एक नायट्रोजन अणू व दोन ऑक्सिजन अणू मिळून जो समूह होतो त्यास नायट्रो गट म्हणतात. सेंद्रिय संयुगातील एक हायड्रोजन अणू काढून त्या जागी हा गट बसविला, म्हणजे पदार्थाचा स्वभावच पालटतो. टोल्युइन हा एक सामान्य द्रव विद्रावक आहे. त्यास तीन नायट्रो गट जोडले की टीएनटी हे स्फोटक द्रव्य तयार होते. बेंझीनला एक नायट्रो गट जोडला की कडू बदामाच्या वासाचे नायट्रोबेंझीन मिळते. पूर्वी स्वस्त साबणांना सुवास आणण्यासाठी त्याचा उपयोग करीत. पुढे ते विषारी असल्याचे ध्यानात आले.

एंजिनातील उष्ण धुरात पायरीन व नायट्रोजन डायऑक्साइड ह्यांची गाठ पडते. पायरीनच्या दहा हायड्रोजनांपैकी एक जातो, त्या जागी नायट्रो गट येतो आणि १-नायट्रोपायरीन तयार होते. नावापुढील अंक गट कोणत्या जागी बसला हे सांगतो. बदल किती लहान! सव्वीस अणूंच्या रेणूतील एका अणूची जागा तीन अणूंनी घेतली, एवढेच. परंतु त्याचा परिणाम पाहा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था पदार्थांचे त्यांच्या कर्कजनकतेनुसार वर्ग पाडते. साधे पायरीन कर्कजनक आहे असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असा तिचा निर्णय आहे. १-नायट्रोपायरीन मात्र २०१२ साली ‘मनुष्यास बहुधा कर्कजनक’ ह्या वर्गात घालण्यात आले.

सूक्ष्मजंतूंची साक्ष

एखादा पदार्थ आनुवंशिक द्रव्यावर आघात करतो की नाही, हे पाहण्यासाठी पूर्वी प्राण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करावे लागत. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील ब्रूस एम्स ह्यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत ह्यासाठी एक सुटसुटीत कसोटी सिद्ध केली. साल्मोनेला ह्या जातीचे काही खास जंतू घ्यावयाचे. हिस्टिडीन नावाचे अॅमिनो अम्ल स्वतः तयार करण्याची शक्ती त्यांनी गमावलेली असते. त्यामुळे ते ज्यात नाही अशा पोषकद्रव्यावर त्यांची वाढ होत नाही. आता संशयित पदार्थ त्यात मिसळावयाचा. त्याने जंतूंच्या जनुकांत उत्परिवर्तने घडविली, तर त्यांपैकी थोड्या जंतूंत गेलेली शक्ती परत येते आणि बशीत त्यांचे ठिपके दिसू लागतात. ठिपके मोजले की पदार्थाची तीव्रता कळते.

बेंझोपायरीनसारखी संयुगे ह्या कसोटीत स्वतः होऊन काही करीत नाहीत. त्यांच्याबरोबर उंदराच्या यकृताचा अर्क घालावा लागतो. यकृतातील एंझाइमे त्यांना घातक रूप देतात. १९७८ साली कॅलिफोर्नियातीलच रिव्हरसाइड येथे पिट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंझोपायरीनवर नायट्रोजन डायऑक्साइडमिश्रित हवा सोडली. तीत नायट्रिक अम्लाचा लवलेश होता. तयार झालेल्या पदार्थाने यकृताच्या अर्काशिवायच जंतूंत उत्परिवर्तने घडविली. दूषित हवेत एक निरुपद्रवी वाटणारी क्रिया घडून नवे, प्रत्यक्ष आघात करणारे विष निर्माण होऊ शकते, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली.

थोड्याच काळात, १९८०च्या सुमारास, आणखी एक चमत्कारिक प्रसंग घडला. कागदपत्रांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांत वापरावयाच्या काळ्या भुकटीचा अर्क ह्याच कसोटीत तीव्र ठरला. शोध घेता असे दिसले की, त्या भुकटीसाठी वापरलेल्या काजळीवर कारखान्यात जी प्रक्रिया होई तीत नायट्रोपायरीने तयार होत होती. उत्पादकांनी प्रक्रिया बदलताच त्यांचे प्रमाण फारच खाली आले. कारण कळले आणि ते दूर करण्याची इच्छा असली तर दोष नाहीसा करता येतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

क्योतो येथील शोध

१९९७ साली जपानमधील क्योतो विद्यापीठातील हितोमी सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिझेलच्या धुरातून आणि हवेतील धुळीतून एक नवे संयुग वेगळे काढले. त्याचे नाव ३-नायट्रोबेंझॅन्थ्रोन. सूक्ष्मजंतूंच्या कसोटीत त्याने १,८-डायनायट्रोपायरीनलाही मागे टाकले. आणि हे दुसरे संयुग तोपर्यंत ज्ञात असलेल्या सर्वांत प्रखर उत्परिवर्तकांपैकी मानले जात होते. ह्या शोधाबरोबर एक व्यावहारिक निरीक्षणही पुढे आले. एंजिनावरील भार वाढला की धुरातील ह्या संयुगाचे प्रमाण पुष्कळ वाढते.

बीरगांवच्या दृष्टीने हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. पोलादाचे गज किंवा लोखंडाचे खनिज ही भारी वस्तू आहे. मालमोटार दिसावयास अर्धी रिकामी असली तरी तिच्यावरचा भार पुरा झालेला असतो. त्यात ठरलेल्या मर्यादेहून अधिक माल लादला आणि गाडी वारंवार थांबून पुन्हा निघू लागली, म्हणजे एंजिनास आपली सारी शक्ती लावावी लागते. अतिरिक्त भाराने रस्ता खचतो आणि अपघात होतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याने धूर केवळ वाढतो असे नव्हे, तर अधिक विषारीही होऊ शकतो, हे तितकेसे ठाऊक नाही.

शरीरात काय घडते

ही संयुगे फुप्फुसात पोहोचल्यावर शरीर स्वस्थ बसत नाही. परक्या पदार्थाचे रूपांतर करून तो बाहेर टाकण्याचा प्रयत्न पेशी करतात, आणि घात नेमका ह्याच प्रयत्नात होतो.

पेशींतील काही एंझाइमे नायट्रो गटातील ऑक्सिजन काढून घेतात आणि त्या जागी हायड्रोजन आणतात. ह्या क्रियेस क्षपण म्हणतात. क्षपण शेवटास गेले तर अमाइन तयार होते, म्हणजे रंगाच्या कारखान्यातील जुन्या ओळखीचा पदार्थ. परंतु वाटेत एक मधली पायरी लागते. तिला हायड्रॉक्सिलअमाइन म्हणतात. दुसरी काही एंझाइमे तिला आणखी एक गट जोडतात. तो गट सहज गळून पडतो आणि मागे राहतो तो एक अतिशय क्रियाशील, धनभारित तुकडा. जवळ जे सापडेल त्याला तो चिकटतो. आनुवंशिक माहिती साठविणारे डीएनए हे त्याचे सर्वांत घातक लक्ष्य होय. त्यातील ग्वानीन ह्या घटकाशी तो पक्का जोडला जातो.

पुस्तकाच्या एका अक्षरावर डांबराचा थेंब पडावा आणि नकलनविसाने त्या जागी अंदाजाने दुसरेच अक्षर लिहावे, तशी अवस्था होते. पेशी अशा जखमा दुरुस्त करीत असतात आणि बहुतेक वेळा त्यांना त्यात यशही येते. दुरुस्तीपूर्वीच पेशीचे विभाजन झाले, तर चूक नव्या पेशीत कायमची उतरते. अशा अनेक चुका योग्य त्या जागी साठल्या, म्हणजे पुष्कळ वर्षांनी कर्करोगाचा आरंभ होऊ शकतो.

हे केवळ तर्काने रचलेले चित्र नाही. क्षपण करणारे एंझाइम ज्यांत नाही अशा जंतूंवर प्रयोग केला असता १-नायट्रोपायरीनचा प्रभाव बराच ओसरतो. उंदरांच्या श्वासनलिकेत ३-नायट्रोबेंझॅन्थ्रोन सोडले असता त्यांच्या फुप्फुसांत गाठी झाल्या. जर्मनीतील खाणींत डिझेल यंत्रांजवळ काम करणाऱ्या कामगारांच्या मूत्रात १-नायट्रोपायरीन व ३-नायट्रोबेंझॅन्थ्रोन ह्या दोहोंपासून होणारी अमाइने सापडली. म्हणजे धुरातील संयुगे मनुष्याच्या शरीरात जातात आणि तेथे त्यांचे क्षपण होते, ही गोष्ट सिद्ध आहे.

हवेतच जन्मणारी संयुगे

सर्व नायट्रो-संयुगे एंजिनातूनच येतात असे मात्र नाही. सूर्यप्रकाशात हवेमध्ये हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय क्रियाशील मूलक तयार होते. ते फ्ल्युओरँथीन ह्या चार वलयांच्या संयुगावर आघात करते. मग तेथे नायट्रोजन डायऑक्साइड येऊन बसतो आणि २-नायट्रोफ्ल्युओरँथीन तयार होते. रात्रीच्या वेळी दुसरे एक मूलक हेच काम करते. गंमत अशी की एंजिनात आणि हवेत नायट्रो गट निरनिराळ्या जागी बसतो. पायरीनवर एंजिनात तो पहिल्या जागी बसतो, हवेत दुसऱ्या. त्यामुळे नावापुढील अंक हा त्या रेणूचा जन्मदाखलाच ठरतो. हवेच्या नमुन्यात २-नायट्रोफ्ल्युओरँथीन हे १-नायट्रोपायरीनच्या पाचपटींहून अधिक असले, तर बराच भाग हवेतच तयार झाला आहे असे शास्त्रज्ञ समजतात. कमी असले तर प्रत्यक्ष एंजिनांकडे बोट दाखवितात.

बीरगांवसारख्या ठिकाणी ह्या दोन्ही वाटा खुल्या आहेत. कोळसा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या धुरातून बहुवलयी हायड्रोकार्बने येतात, मालमोटारींतून नायट्रोजनाची ऑक्साइडे येतात, आणि ऊन तर भरपूर असते. म्हणून तेथील साऱ्या दोषाचे खापर एकट्या मालमोटारींवर फोडता येणार नाही. आणि गावातील चुली, कचऱ्याच्या आगी ह्यांनाही सोडून देता येणार नाही. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असली, म्हणजे हा सारा धूर झाकण घातल्यासारखा खालीच कोंडून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली शहरांच्या हवेची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीत सूक्ष्म धुळीच्या बाबतीत रायपूरचे नाव जगातील सर्वांत दूषित शहरांत होते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात छत्तीसगडमधील रायपूर, भिलाई व कोरबा ह्या तीन शहरांचा समावेश करण्यात आला.

मनुष्यावरील पुरावा

जंतू म्हणजे मनुष्य नव्हे. जंतूंमध्ये नायट्रो गटाचे क्षपण करणारी एंझाइमे विपुल असतात. त्यामुळे ह्या संयुगांचा प्रभाव त्यांच्यावर अधिक ठळक दिसतो. उंदरांच्या प्रयोगांतही एक अडचण निघाली. डिझेलचा दाट धूर दीर्घकाळ हुंगविलेल्या उंदरांना फुप्फुसाचे कर्करोग झाले खरे. पण ज्यात सेंद्रिय संयुगे जवळजवळ नाहीत अशी नुसती काजळी तितक्याच दाटपणे दिली असताही तसेच झाले. उंदरांची फुप्फुसे कणांच्या नुसत्या भारानेच बिघडत होती. तेव्हा खरा निवाडा मनुष्यांच्या अनुभवावरूनच करणे प्राप्त होते.

असा अनुभव अमेरिकेतील आठ खाणींत गोळा करण्यात आला. त्या कोळशाच्या खाणी नव्हत्या, आणि जमिनीखाली डिझेलवर चालणारी यंत्रे त्यांत वापरात होती. एकूण १२,३१५ कामगारांचा इतिहास तपासण्यात आला. कोणी कोठे, किती वर्षे काम केले आणि तेथे धूर किती होता, ह्याचा हिशेब मांडण्यात आला. धूम्रपानाचा परिणाम वेगळा काढण्यात आला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांना सर्वांत अधिक धूर सोसावा लागला त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी धूर सोसलेल्यांच्या सुमारे तिप्पट होता. त्याच वर्षी जून महिन्यात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेल एंजिनाचा धूर ‘मनुष्यास कर्कजनक’ ह्या पहिल्या वर्गात घातला. १९८८ सालापासून तो ‘बहुधा कर्कजनक’ ह्या वर्गात होता.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. सिद्ध झालेला दोष हा संपूर्ण धुराचा आहे. त्यातील कोणत्या घटकाचा वाटा किती, हे ठरलेले नाही. १-नायट्रोपायरीन ‘बहुधा’ आणि ३-नायट्रोबेंझॅन्थ्रोन ‘संभवतः’ कर्कजनक अशा वर्गांत आहेत. टोळीचा गुन्हा शाबीत झाला आहे. टोळीतील प्रत्येकाचा हात किती, ह्याची चौकशी चालू आहे. ह्या चौकशीत नायट्रो-संयुगांवरील संशय मात्र बळकट आहे.

अल्प प्रमाणाचा प्रश्न

हवेच्या एका घनमीटरात ह्या संयुगांचे वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागापेक्षाही बहुधा कमीच भरते. इतक्या अल्प पदार्थाने काय होणार, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. एक तर मनुष्य दिवसाकाठी दहा ते पंधरा घनमीटर हवा श्वासावाटे घेतो आणि हे आयुष्यभर चालते. दुसरे असे की, डीएनएवर आघात करणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत अमुक एका मर्यादेखाली धोका मुळीच नाही, अशी रेषा सहसा आखता येत नाही. मात्रा उतरली की धोका उतरतो, एवढे म्हणता येते.

म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, तसे निश्चिंत राहण्याचेही नाही. रस्त्याने कधीतरी जाणाऱ्या प्रवाशाचा धोका अगदी थोडा. त्याच कडेला वीस वर्षे बसणाऱ्या कारागिराचा, मालमोटारीच्या चालकाचा व क्लीनरचा, चौकात उभ्या असणाऱ्या पोलिसाचा धोका त्याहून पुष्कळ अधिक. रोग दिसावयास दशके लागतात. त्यामुळे आज लावलेल्या बंदोबस्ताचे फळ त्यांच्या मुलांच्या पदरात पडावयाचे असते.

बंदोबस्त

पहिला बंदोबस्त इंधनाचा. आपल्या देशातील डिझेलमध्ये १९९६च्या सुमारास दहा लाख भागांत ५,००० भागांपर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ ही मानके सर्व देशात लागू झाली, तेव्हापासून ही मर्यादा १० भागांवर आली आहे. गंधक धुराच्या नळीतील उत्प्रेरकांना निकामी करते. ते गेल्यामुळे नव्या मालमोटारींना काजळी अडविणाऱ्या गाळण्या बसविणे शक्य झाले. गाळणीत अडकलेली काजळी वेळोवेळी आतच जाळली जाते. काही प्रकारच्या गाळण्यांत एखाद्या नायट्रो-संयुगाची थोडी भर पडू शकते, असेही प्रयोगांत आढळले आहे. तथापि एकंदर हिशेब पाहता नव्या एंजिनांच्या धुरात ह्या संयुगांची फार मोठी घट झाली आहे.

परंतु जुनी मालमोटार एका दिवसात रस्त्यावरून जात नाही, आणि नव्या गाडीची गाळणी कोणी काढून टाकली तर ती पुन्हा जुन्यासारखीच होते. आपल्याकडील प्रदूषण तपासणीत डिझेल गाडीच्या धुरातून प्रकाश किती अडतो, एवढेच पाहतात. म्हणजे काळेपणा मोजला जातो, नायट्रो-संयुगे मोजली जात नाहीत. तरीही ही तपासणी निरुपयोगी नाही, कारण काजळी हेच ह्या संयुगांचे वाहन आहे. फवारणीची तोंडे साफ ठेवणे, हवेची गाळणी बदलणे, ठरलेल्या मर्यादेतच माल भरणे, थांबलेल्या गाडीचे एंजिन बंद करणे, ही कामे साधी आहेत. त्यांत इंधनाचीही बचत होते. तोंडावर बांधलेल्या साध्या रुमालाने मोठी धूळ अडते. हे कण अडत नाहीत. त्याहून शाळेच्या खिडक्या रस्त्याच्या विरुद्ध बाजूस ठेवणे आणि मालमोटारींचा मार्ग वस्तीबाहेरून नेणे अधिक उपयोगी आहे. ह्याच भागातून हावडा–नागपूर–मुंबई हा विजेवर चालणारा लोहमार्ग जातो. आगगाडीने जाणाऱ्या प्रत्येक टन पोलादामागे वस्तीतला डिझेलचा धूर तेवढा कमी होतो.

विद्यार्थ्यांना एक लहान प्रयोग करून पाहता येईल. दोन पांढऱ्या पुठ्ठ्यांना व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. एक पुठ्ठा रस्त्याकडील खिडकीत आणि दुसरा मागील अंगणात, सारख्याच उंचीवर दोन दिवस टांगावा. मग भिंगाखाली एका चौरस सेंटिमीटरातील काळे कण मोजून दोहोंची तुलना करावी. दिसणारे सर्व कण डिझेलचे असतील असे नाही. कोळशाची व लोखंडाची धूळही त्यांत असेल. शिवाय सर्वांत बारीक कण भिंगालाही दिसणार नाहीत. परंतु रस्त्यापासून थोडे दूर गेल्याने काय फरक पडतो, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळेल, आणि आपला वर्ग कोणत्या बाजूस भरावा हे त्यांना शिक्षकांना सांगता येईल.

धुराडी झाडणाऱ्या मुलांच्या रोगाचे कारण पॉट ह्यांनी १७७५ साली सांगितले. इंग्लंडमध्ये मुलांना त्या कामावर लावणे प्रत्यक्षात थांबावयास त्यानंतर शंभर वर्षे गेली. बीरगांवच्या रस्त्याकडेला बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत कारणांचा बराचसा उलगडा झालेला आहे आणि उपायही हाताशी आहेत. ते अमलात आणण्यास आपण किती काळ लावणार, एवढाच प्रश्न उरतो.